प्रिंटर चालू केल्यावर पहिल्या मिनिटात तो स्वतःचं काय काय तपासतो?

सर्व्हिसवाला

लेझर प्रिंटर बिघडला की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काल रात्रीपर्यंत चालत होता, आज सकाळी चालूच होत नाही." मी विचारतो, चालू होत नाही म्हणजे नक्की काय? दिवा लागतो का? आतून आवाज येतो का? आला तर कुठपर्यंत येतो? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं. स्विच टाकायचा, शटर पूर्ण वर करायचं, अगरबत्ती लावायची, तोवर मशीन रेडी. मधला आवाज कोणी ऐकतच नाही.

पण त्या मिनिटभरात मशीन आपला एकेक भाग ठरलेल्या क्रमाने हलवून बघत असतं आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. आवाज जिथे थांबला तिथेच बहुधा बिघाड असतो. हे ज्याला ओळखता येतं त्याला मेकॅनिक यायच्या आधी खर्चाचा अंदाज बांधता येतो, आणि कोणी उगाच कार्ड (आतला सर्किट बोर्ड) बदलायला सांगितलं तर दोन प्रश्न विचारता येतात. फोर्ट, परळ, लालबागच्या दुकानांमधून आणि ऑफिसांमधून मशिनं उघडत आलोय, त्यावरून लिहितोय. क्रम मॉडेलप्रमाणे थोडा मागेपुढे होतो, मुद्दा तोच राहतो.

आधी वीज. भिंतीतले २३० व्होल्ट आत दोन वाटांनी जातात. एक वाट फ्युजरच्या, म्हणजे टोनर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाच्या, हीटरकडे, दुसरी पॉवर सप्लायकडे. सप्लाय त्यातून २४ व्होल्ट आणि ५ किंवा ३.३ व्होल्ट डीसी बनवतो. लहान व्होल्टेजवर कार्ड आणि सेन्सर चालतात; मोटर, पंखा, क्लच, सॉलेनॉइड यांना २४ लागतात. झाकण उघडं असलं की आतला मायक्रोस्विच २४ व्होल्टची वाट तोडतो, आत हात असताना काही फिरू नये म्हणून. त्यामुळे "दिवे लागतात पण आत काहीच हलत नाही" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी झाकणाच्या आतल्या बाजूची प्लास्टिकची बारकी जीभ बघतो. ती तुटली असेल तर झाकण नीट लावलं तरी मशीनच्या लेखी ते उघडंच. ती न बघता कार्डाचं एस्टिमेट देणाऱ्याला मशीन देऊ नका.

मग मेंदूचं काम. मजकुराचे ठिपके बनवणाऱ्या फॉर्मेटर कार्डावरचा प्रोसेसर रॉममधल्या मजकुराची बेरीज करून ती साठवलेल्या बेरजेशी ताडतो. रॅममध्ये ठरावीक आकडे लिहितो आणि तेच परत येतात का बघतो. पानांचा काउंटर, ट्रेची सेटिंग वाचून घेतो. बऱ्याच मशीनमध्ये याच वेळी पॅनलवरचे सगळे दिवे एकदम लागून जातात. त्यातला कुठला मेला असेल तर तुम्हाला दिसावा, एवढ्यासाठीच.

यानंतर 'घर्रर्र' सुरू होतं. ही मुख्य मोटर. तिच्या गिअरवर ड्रम (लेझर ज्यावर पानाचं चित्र उमटवतो तो दंडगोल), रोलर, फ्युजर सगळे फिरतात. मोटर फिरली एवढ्यावर मशीनचं समाधान होत नाही. ठरलेला वेग गाठल्याचा सिग्नल मोटरकडून कंट्रोलरला परत जावा लागतो. टोनरचा गिअर अडकला असेल, फ्युजर जाम असेल तर मोटर जोर लावते, वेग गाठत नाही आणि मशीन हात वर करतं. कागदाच्या वाटेवरचे सेन्सरही आताच बघितले जातात. तिथे काळ्या प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या असतात, आम्ही त्यांना फ्लॅग म्हणतो. कागद आला की फ्लॅग ढकलली जाते आणि सेन्सरच्या प्रकाशाची वाट उघडते किंवा बंद होते. चालू करतानाच एखादी फ्लॅग ढकललेली सापडली तर मशीनला वाटतं कागद आत राहिलाय. "आत कागदच नाही तरी जॅम दाखवतो" या तक्रारीत निम्म्या वेळा स्टिकर पेपरचा फाटका कोपरा किंवा फ्लॅगची उडालेली स्प्रिंग निघते.

मग 'सुंईंई' असा चढत जाणारा बारीक आवाज. लेझरचा किरण ड्रमवर आडवा फिरवणारा बहुकोनी आरसा वेग घेतो. मिनिटाला हजारो फेरे, मोठ्या मशीनमध्ये वीस-तीस हजारांच्या घरात. आरसा वेगात आला की लेझर पेटवला जातो आणि आरशाच्या प्रत्येक पैलूगणिक किरण एका कडेच्या छोट्या सेन्सरवर पडतो. त्याला बीडी, म्हणजे बीम डिटेक्ट म्हणतात. पानावरची प्रत्येक ओळ कुठून सुरू करायची ते याच सिग्नलवर ठरतं. ठरलेल्या वेळात तो आला नाही तर पुढे काही होत नाही. जुन्या एचपी लेझरजेटवर ५१ आकडा दिसला की बीम डिटेक्ट आणि ५२ दिसला की स्कॅनर मोटर, म्हणजे आरसा फिरवणारी मोटर, हे आमच्या लाइनमध्ये पोरांना पहिल्या आठवड्यात पाठ होतं. कॅननच्या कॉपियरवर बीडीचा कोड ई१००.

फ्युजर मात्र वेगळ्याच काळजीने तपासला जातो, कारण आगीचा धोका तिथेच आहे. टोनर कागदावर वितळवायला १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. तापमान मोजायला थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. समजा थर्मिस्टरची वायर तुटली. रोध अमर्याद, म्हणजे मशीनच्या हिशेबाने फ्युजर एकदम थंड. केवळ त्या आकड्यावर विश्वास ठेवला तर हीटर चालूच राहील आणि रोलर जळेल. म्हणून मशीन आकड्यासोबत घड्याळही बघतं : हीटर चालू केल्यावर अमुक सेकंदांत अमुक तापमान चढलंच पाहिजे. नाही चढलं तर हीटर बंद आणि एरर. एचपीत ५०, कॅननमध्ये ई०००. कार्डच बिघडलं तर काय, याचाही विचार केलेला असतो. हीटरच्या वाटेत थर्मल फ्यूज किंवा थर्मोस्विच वेगळा बसवलेला असतो. तो सॉफ्टवेअरला विचारत नाही, तापमान हद्दीपलीकडे गेलं की थेट वीज तोडतो.

यावरून एक कळकळीची विनंती. फ्युजरचा एरर आला की दहा वेळा स्विच बंद-चालू करू नका. कॅननच्या कॉपियरमध्ये ई००० मुद्दामच मेमरीत राहतो, बंद करून चालू केल्याने जात नाही, सर्व्हिस मोडमध्ये जाऊन कारण बघून काढावा लागतो. आणि थर्मल फ्यूज उडाला म्हणून तिथे साधी वायर जोडून "चालू करून देणारे" लोक या शहरात आहेत. असं मशीन कागदाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या दहा बाय दहाच्या गाळ्यात रात्रभर चालू ठेवू नका. ठेवूच नका.

---

गिरगाव_झेरॉक्स

दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. माझं मशीन गेल्या आठवड्यापासून असंच करतंय. दिवे लागतात, घर्रर्र होतं, मग तुम्ही म्हणता तसा सुंईंई चढतो, मध्येच उतरतो, परत चढतो. असं दोन-तीनदा होऊन सगळे दिवे लुकलुकायला लागतात. मधे दुकान बंद होतं, वरच्या माळ्यावरून भिंतीला ओल आलीये. एक मेकॅनिक येऊन गेला, फॉर्मेटर बदलावा लागेल म्हणाला.

---

सर्व्हिसवाला

फॉर्मेटर घाईने बदलू नका. मुख्य मोटर फिरतेय, म्हणजे कार्ड बोलतंय आणि २४ व्होल्ट पोचताहेत. फ्युजरपर्यंत गाडी गेलेलीच नाही. तुमचा संशयित लेझर स्कॅनर, म्हणजे लेझर आणि फिरत्या आरशाचा डबा. आता एक नीट ऐका : सुंईंई चढून एका सुरात थोडा वेळ स्थिर राहतो आणि मग उतरतो, की स्थिर व्हायच्या आधीच डगमगत उतरतो? स्थिर राहत असेल तर आरसा फिरतोय पण किरण सेन्सरला सापडत नाही. डगमगत असेल तर आरशाच्या मोटरचं बेअरिंग. आवाजच नसता तर रिबन केबल बघा म्हटलं असतं.

---

पार्लेकर

माहिती छान, पण मला एक पटत नाही. ही सगळी तपासणी होऊन मशीन रेडी म्हणतं आणि पान काढलं तर उभे पांढरे पट्टे. मग त्या तपासणीला अर्थ काय? आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर कायम रेडी असतो आणि कायम खराब छापतो.

---

सर्व्हिसवाला

अर्थ आहे, पण तिची हद्द ओळखावी लागते. मशीन तेवढंच तपासू शकतं जेवढं मोजायला त्याच्याकडे सेन्सर आहे. वेग, तापमान, किरण, झाकण, कागदाची फ्लॅग, कार्ट्रिजची चिप. पानाकडे बघणारा डोळा साध्या मोनो लेझरमध्ये नसतो.

तुमच्या पांढऱ्या पट्ट्यांचंच घ्या. बीडीचा सेन्सर किरणाच्या वाटेच्या एका कडेला असतो. ड्रमकडे किरण वळवणाऱ्या लांब आरशावर मधोमध धूळ बसली तरी कडेला किरण व्यवस्थित पोचतो, तपासणी पास, आणि छापताना बरोबर धुळीच्या जागी उभा फिका पट्टा. तीच गोष्ट ड्रमवरच्या ओरखड्याची. पिकअप रोलर गुळगुळीत झालाय हेही कागद उचलायची वेळ आल्याशिवाय कळत नाही.

एक उपाय सांगतो. पानावर डाग ठरावीक अंतराने परत परत येत असेल तर फूटपट्टीने अंतर मोजा. छोट्या लेझरमधल्या बऱ्याच कार्ट्रिजमधला ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर. डाग दर साडेसात सेंटिमीटरला येत असेल तर ड्रम बघा, म्हणजे कार्ट्रिज. वेगळं अंतर आलं तर वेगळा रोलर.

---

टायपिस्टकाकू

माझा प्रश्न साधा आहे. मी कोर्टाची टायपिंगची कामं करते. जुन्या मशीनवर बाजूला एक बारीक भोक होतं, त्यात पेनाची रिफील घातली की नुसत्या रेघांचं पान यायचं. आणि पॅनलवरून काढलं की माहिती लिहिलेलं पान यायचं. दोन दोन टेस्ट पानं कशाला?

---

सर्व्हिसवाला

काकू, प्रश्न साधा नाही, सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

लेझर प्रिंटरमध्ये दोन वेगळी मशिनं एका डब्यात असतात. एक इंजिन, म्हणजे मोटर, लेझर, फ्युजर, कागद. दुसरं फॉर्मेटर, म्हणजे कॉम्प्युटरकडून आलेल्या मजकुराचे ठिपके बनवणारं कार्ड. १९८४ साली पहिला एचपी लेझरजेट आला तेव्हा आतलं सीएक्स इंजिन कॅननचं होतं आणि फॉर्मेटर एचपीचा. दोन कंपन्यांचं काम, त्यामुळे तपासणीही दोन जागी. भोकातल्या बटणाने रेघांचं पान निघतं ते इंजिन स्वतः काढतं, फॉर्मेटरला न विचारता. पॅनलवरून निघणाऱ्या पानात दोघांचा हात असतो.

म्हणजे रेघांचं पान स्वच्छ आलं आणि माहितीचं पान गडबडलं तर दोष फॉर्मेटरकडे किंवा दोघांमधल्या जोडणीकडे. दोन्ही पानांवर एकाच जागी पट्टा असेल तर इंजिन किंवा कार्ट्रिज. दोन्ही सुंदर आली आणि तुमचा अर्जच खराब येतोय, तर प्रिंटर सोडा, केबल आणि ड्रायव्हर बघा. आता नव्या लहान मशिनींवर ते बटण बहुधा नसतं. पण असेल तर मेकॅनिकला आधी ते पान काढायला लावायचं, मगच स्क्रू ड्रायव्हर.

---

वसई_लोकल

यात एक भर. एचपी लेझरजेट १०२० झेरॉक्सच्या किती दुकानांत दिसतो बघा. या मॉडेलचं पूर्ण फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारा आतला प्रोग्राम, मशीनमध्ये नसतंच. दर वेळी चालू केलं की कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ते यूएसबीवरून आत पाठवतो. विंडोजवर हे आपोआप होतं म्हणून कळत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र फर्मवेअर पाठवायची सोय आधी करावी लागते, नाहीतर मशीन चालू दिसतं आणि छापत काही नाही. तेव्हा अशा मशीनची स्वतःची तपासणी झाली तरी छापायची तयारी कॉम्प्युटर जोडल्यावरच पूर्ण होते.

---

निळी_शाई

इंकजेटचं कोणीतरी लिहा ना. माझा सकाळी चालू केला की कितीतरी वेळ खर्र-खट, खर्र-खट करत राहतो आणि शाई कमी होते असा माझा संशय आहे.

---

वसई_लोकल

संशय बरोबर आहे.

इंकजेटला आधी आपला हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, कुठे उभा आहे हेच माहीत नसतं. तो हेडची गाडी हळूच एका कडेला नेतो, भिंतीला टेकवतो, मोटरवर ताण आला की समजतो ही शून्याची जागा. ते 'खट' म्हणजे हेच. मग गाडी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. गाडीच्या मागे पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणलेली असते, तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक उभ्या रेघा असतात. गाडीवरचा सेन्सर त्या रेघा मोजत जागा ठरवतो. पट्टीवर ग्रीसचा किंवा शाईचा एक डाग पडला की मोजणी चुकते, गाडी धाडकन आपटते आणि एरर येतो. लोक मोटर गेली समजतात. बऱ्याच वेळा थेंबभर पाण्याने ओला केलेला मऊ कपडा अलगद फिरवला की काम होतं. पट्टी ओढू नका, हुकातून निसटली तर परत बसवताना उलटी-सुलटी लागते.

यानंतर कार्ट्रिजची चिप वाचणं, आणि गरज वाटली तर हेडची सफाई. त्या सफाईत खरी शाई जाते. आता महत्त्वाचं : तुम्ही रात्री बंद कसा करता? आपल्याकडे भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय असते. छपाई अर्धवट असताना तसं केलं तर हेड टोपीवर परत जात नाही, उघडा राहतो, नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतात. वीज परत आल्यावर मशीनला शेवटची सफाई कधी झाली ते नीट कळलं नाही तर ते पुन्हा सफाई करतं. म्हणून आधी प्रिंटरवरचं बटण, आतली हालचाल थांबू द्यायची, मग भिंतीवरचा स्विच. आणि बहुतेक घरगुती इंकजेट आपली नोझल बंद पडलीत का ते स्वतः ओळखत नाहीत. नोझल चेकचं पान काढून तुम्हीच बघायचं.

---

पासबुक_काउंटर

बँकेत आणि गोडाऊनमध्ये डॉट मॅट्रिक्स अजून जोरात चालू आहेत, त्यांनाही विसरू नका. चालू केला की हेड डावीकडे जाऊन आपली जागा शोधतो, तेवढीच तपासणी. पण एप्सनच्या एलएक्स-३०० सारख्या मशीनवर लाइन फीडचं बटण दाबून धरून स्विच टाकला की मशीन कॉम्प्युटरशिवाय सगळी अक्षरं छापत सुटतं. नऊ पिनांपैकी एखादी तुटली असेल तर प्रत्येक ओळीत एकाच उंचीवर आडवी पांढरी रेघ दिसते. माझ्या मते कुठल्याही प्रिंटरमध्ये इतकी सरळ टेस्ट दुसरी नाही.

---

सर्व्हिसवाला

खरं आहे. फक्त पूर्ण रुंदीचा कागद लावून करा, लहान कागद असेल तर पिना रबरी रोलरवर आपटतात.

पावसाळा चालू आहे म्हणून लेझरबद्दल एक राहिलेलं लिहितो. टोनर ड्रमवरून कागदावर ओढायला खाली काळा स्पंजासारखा ट्रान्सफर रोलर असतो, त्याला व्होल्टेज द्यावं लागतं. हवेतल्या दमटपणाने त्या रोलरचा रोध बदलतो. म्हणून बऱ्याच मशीन सुरुवातीच्या फिरण्यातच रोलरमधून करंट जाऊ देऊन तो मोजतात आणि त्याप्रमाणे व्होल्टेज ठरवतात. पण कागद किती ओलावलाय ते त्यांना कळत नाही. जुलैत उघडं ठेवलेलं रीम वापरलं की छपाई फिकी, कागद वळलेला, फ्युजरमधून वाफ निघताना डोळ्यांना दिसते. मशीनचा दोष नसतो त्यात. रीमचं वेष्टण काढलं की उरलेले कागद घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढेच.

आणि एसी ऑफिसातून काढलेलं मशीन टेम्पोतून आणून लगेच चालू करू नका. थंड आरशांवर आणि काचेवर बाहेरच्या हवेतलं बाष्प बसतं, पहिल्याच तपासणीत बीडी नापास होतो. काही तास खोलीत नुसतं राहू द्या.

---

गिरगाव_झेरॉक्स

दादा, कान लावून ऐकलं. सूर चढून स्थिर राहतो, मग उतरतो. रेघांच्या पानाचं बटण या मॉडेलला नाही. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून तुमचं म्हणणं दाखवलं. त्याने समोर उघडलं. स्कॅनरच्या डब्याच्या सांध्यातून ओल आत गेली होती, आरशावर निळसर पांढरी झाक आली होती. त्याने पुसायला नकार दिला, म्हणाला पुसला तर ओरखडे पडतील. लॅमिंग्टन रोडवरून त्याच मॉडेलचा जुना स्कॅनर आणून बसवला. फॉर्मेटरला हात लावला नाही. मशीन चालू झालं. आता एकच विचारायचंय, भिंतीपासून लांब हलवलंच आहे, तर कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर लावू का? मधे मधे लाइट जाते.

---

सर्व्हिसवाला

मेकॅनिक चांगला मिळाला, त्याचा नंबर जपून ठेवा.

यूपीएसवर लावू नका. फ्युजरचा हीटर चालू होतो त्या क्षणी काही शे वॅट, मोठ्या मशीनमध्ये हजारावर, एकदम ओढले जातात. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस ओव्हरलोड होऊन किंचाळतो किंवा बंदच पडतो, आणि सोबत कॉम्प्युटरही जातो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या १५ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या प्लगवर. एक्स्टेंशन बोर्ड मधे नको. छापताना दुकानातली ट्यूब क्षणभर मंदावत असेल तर वायरमनला ती लाइन दाखवून घ्या. लाइट गेली तर छापत असलेलं पान आत अडकेल, एवढंच. लाइट आल्यावर झाकण उघडून ते काढा, झाकण बंद करा, मशीन पुन्हा सगळी तपासणी स्वतः करून घेईल.